उंदराचे यकृत आणि माणसाची आशा

मटणाच्या दुकानात आपण ‘कलेजी’ मागतो, ती म्हणजे यकृत. आपल्याही पोटात, उजव्या बरगड्यांच्या आड, सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव मुकाट्याने राबत असतो. त्याचा एक गुण मोठा विलक्षण आहे. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी उंदरांच्या यकृताचा सुमारे दोन-तृतीयांश भाग कापून काढला. थोड्याच आठवड्यांत उरलेला भाग वाढून यकृताचे वजन जवळजवळ पूर्ववत झाले!

मग तुम्ही म्हणाल, यकृताला कर्करोग झाला तर तेवढा भाग कापून टाकला की झाले! काही रोग्यांच्या बाबतीत तसे करतातही. परंतु हा रोग बहुधा धडधाकट यकृतात होत नाही. हिपॅटायटिस ‘बी’ व ‘सी’चे विषाणू किंवा दारू यांच्यामुळे वर्षानुवर्षे व्रण पडून कडक झालेल्या यकृतात तो उद्भवतो. अशा यकृताचा तुकडा काढला, तर उरलेल्याने वाढावे तरी कोणत्या बळावर?

येथे मूलपेशींचा, म्हणजे ‘स्टेम सेल’चा विचार पुढे आला. मूलपेशी ही अजून धंदा न ठरलेल्या पोरासारखी असते. तिच्यापासून वेगवेगळ्या कामाच्या पेशी तयार होऊ शकतात. अस्थिमज्जेतून काढलेल्या काही मूलपेशी शरीरात जेथे इजा झाली असेल तिकडे ओढल्या जातात. कर्करोगाची गाठही शरीराला न भरणाऱ्या जखमेसारखीच भासते.

म्हणून संशोधकांनी उंदरांना रसायन देऊन यकृतात गाठी निर्माण केल्या आणि मग त्यांना या पेशी टोचल्या. काही प्रयोगांत गाठी लहान झाल्या. पण काही प्रयोगांत त्या उलट जोमाने वाढल्या! असे का व्हावे? जखम भरून आणण्यासाठी या पेशी जी द्रव्ये सोडतात, ती नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना शांत करतात. जखमेला ते हितकारक. पण गाठीलाही तेच हवे असते.

दुसरी युक्ती अधिक चतुर आहे. मूलपेशीत विषाणूचे एक जनुक घालायचे आणि ती गाठीकडे धाडायची. नंतर गॅन्सिक्लोव्हिर हे औषध द्यायचे. त्या जनुकामुळे औषधाचे पेशीतच विष बनते. ती पेशी मरते आणि शेजारच्या कर्कपेशींनाही घेऊन जाते. उंदरांत याचे आशादायक परिणाम दिसले आहेत.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, बरं का! त्याची गाठ काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मुद्दाम वाढवलेली असते. माणसाचा रोग कित्येक वर्षे मुरलेला असतो. शिवाय शिरेतून टोचलेल्या पुष्कळशा पेशी फुप्फुसातच अडकून पडतात.

हे सारे सांगण्याचे कारण असे, की घरात असा रोगी असला म्हणजे माणूस कशालाही हात घालतो. ‘स्टेम सेलने बरे करू’ अशी जाहिरात वाचून जमीन गहाण टाकण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. ही चाचणी भारताच्या चिकित्सा-चाचणी नोंदवहीत नोंदलेली आहे काय? नीतिसमितीची संमती आहे काय? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात, की रक्तजनक मूलपेशींचे मान्य उपचार सोडले, तर बाकीचा वापर केवळ अधिकृत चाचणीतच व्हावा. उत्तर टाळले जात असेल, तर उठून घरी यावे.

आणि जे आजच आपल्या हाती आहे ते विसरू नये. बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस ‘बी’ची लस टोचून घ्यावी. तैवानने १९८४ साली ही मोहीम सुरू केली आणि पुढे तेथील मुलांतील यकृताचा कर्करोग कमी झाला. बुरशी आलेले शेंगदाणे निवडून फेकून द्यावेत. त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक आहे. दारूबद्दल तर अधिक काय सांगावे!

उंदराने जे सांगितले ते लक्षपूर्वक ऐकावे. पण जे त्याने सांगितलेच नाही, ते त्याच्या तोंडी घालू नये.