घर स्वस्त, पण कुणामुळे?

अमेरिकेतलं पिट्सबर्ग. तीन लाखांची वस्ती, बरे पगार आणि अमेरिकेच्या मानानं खूपच स्वस्त घरं. एमएस किंवा ऑनसाइटसाठी बॅग भरणाऱ्यांना भुरळ घालणाऱ्या या आकड्यांच्या पोटात काय दडलंय?

ऑफर लेटर हातात पडलं की पहिला प्रश्न पॅकेजचा. दुसरा, शहर कुठलं? उत्तर न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्को असेल तर ऑफिसात पेढे वाटले जातात. पण उत्तर ‘पिट्सबर्ग’ असेल तर समोरच्याचा चेहरा कोरा. मग कॉम्प्युटर सायन्सवाला एखादा मित्र मदतीला धावतो, ‘अरे, कार्नेगी मेलन तिथेच आहे ना!’

त्या रात्री गुगलिंग सुरू होतं आणि एक आकडा डोळ्यांत भरतो. अमेरिकी जनगणना खात्याच्या २०१८ ते २०२२ या काळातल्या पाहणीनुसार पिट्सबर्ग शहरात एका कुटुंबाचं वर्षाचं मधलं उत्पन्न साधारण ६० हजार डॉलर. आणि मालक स्वतः राहतो अशा घराची मधली किंमत दीड ते पावणेदोन लाख डॉलरच्या दरम्यान. म्हणजे घराची किंमत वर्षाच्या कमाईच्या अडीच ते तीन पट!

आता हेच गणित दुसरीकडे करून बघा. अख्ख्या अमेरिकेचं मधलं उत्पन्न याच काळात ७५,१४९ डॉलर होतं आणि घराची मधली किंमत २,८१,९०० डॉलर, म्हणजे पावणेचार पट. सॅन होजेमध्ये कुटुंबाचं उत्पन्न १ लाख ३६ हजारांच्या घरात, पण घर ११ लाखांच्या वर. झाले आठ पट. तुमच्या स्वतःच्या वार्षिक पगाराला बघून ठेवलेल्या टू बीएचकेच्या किमतीशी ताडून बघायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. उगाच टेन्शन नको!

मग पिट्सबर्ग म्हणजे स्वर्गच की! थांबा. घर इतकं स्वस्त का आहे, हा प्रश्न सही करण्याआधी विचारायला हवा.

रिकामं होत गेलेलं शहर

१९५० च्या जनगणनेत पिट्सबर्गची लोकसंख्या होती ६,७६,८०६. त्या काळी आपलं पुणं पाच लाखांच्या आसपास होतं. पुढे पुणं फुगत गेलं, २०११ मध्ये महापालिकेच्या हद्दीत ३१ लाख माणसं मोजली गेली. पिट्सबर्गचं नेमकं उलटं झालं. १९८० मध्ये ४,२३,९३८, २००० मध्ये ३,३४,५६३ आणि २०२० मध्ये ३,०२,९७१. सत्तर वर्षांत शंभरातले पंचावन्न गेले.

कारण विचारलं की सगळे एका सुरात सांगतात, पोलादाच्या गिरण्या बंद पडल्या. ते खरं आहे, पण अर्धंच. वरचे आकडे पुन्हा बघा. १९५० ते १९८० मध्येच अडीच लाख लोक कमी झाले होते. म्हणजे एकूण घटीपैकी दोन तृतीयांश घट मोठं पोलाद संकट येण्याआधीच झालेली. ही माणसं बहुतेक फार लांब गेली नव्हती. महायुद्धानंतर हायवे झाले, सरकारी हमीमुळे गृहकर्ज सोपं झालं, दारात गाडी आली आणि कुटुंबं धुरकट शहर सोडून बाहेरच्या उपनगरांत मोकळ्या हवेच्या बंगल्यांत गेली.

दुसरी लाट मात्र वेगळी होती. १९७९ नंतरच्या आठ-नऊ वर्षांत या परिसरात कारखान्यांतल्या लाखाहून जास्त नोकऱ्या गेल्या. १९८३ च्या सुरुवातीला बेकारी १७-१८ टक्क्यांवर पोचली. होमस्टेडचा अवाढव्य पोलाद कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. आज त्या जागेवर ‘वॉटरफ्रंट’ नावाचं शॉपिंग सेंटर आहे आणि कारखान्याच्या जुन्या चिमण्यांची रांग मल्टिप्लेक्सजवळ अजून उभी आहे. या लाटेत जे गेले ते तरुण होते, विशी-तिशीतले, म्हणजे तुमच्याच वयाचे. आणि ते उपनगरात नाही, थेट दुसऱ्या राज्यांत गेले. अमेरिकेच्या जवळपास कुठल्याही शहरात पिट्सबर्ग स्टीलर्स या फुटबॉल टीमच्या चाहत्यांचा एखादा बार सापडतो, त्यामागे ही पांगापांग आहे.

तरुण गेले की त्यांना होणारी मुलंही गेली. म्हणून पुढे कित्येक वर्षं या परिसरात जन्मांपेक्षा मृत्यू जास्त नोंदले गेले. माणसं गेली, पण घरं जागेवरच राहिली. घेणारे कमी आणि घरं जास्त, मग भाव कसे चढणार? त्या स्वस्ताईचं बिल आधीच कुणीतरी भरलंय.

सगळंच रिकामं नाही

इथे आकड्यांची आणखी एक गंमत आहे. लोकसंख्या निम्म्याखाली आली म्हणून निम्मी घरं ओस पडली का? नाही. १९५० मध्ये अमेरिकेत एका घरात सरासरी साडेतीनच्या आसपास माणसं राहायची. आज पिट्सबर्गमध्ये ती दोनच्या आसपास आहेत. एकट्यानं राहणारे, नवरा-बायको दोघंच, रूममेट्स. कमी माणसांना जास्त घरं लागतात. तरीही साधारण आठात एक घर रिकामं आहे, आणि ती बरीचशी ठरावीक मोहल्ल्यांत. काही रस्त्यांवर एकाआड एक दारं फळ्या ठोकून बंद, तर दोन मैलांवर भाड्याच्या फ्लॅटसाठी वेटिंग.

२०१० ते २०२० या दहा वर्षांत मात्र लोकसंख्या तीन हजारांहूनही कमी घटली. गळती जवळजवळ थांबली म्हणायची. रुग्णालयं आणि विद्यापीठं हे इथले नवे कारखाने झाले. यूएस स्टीलच्या ६४ मजली टॉवरच्या माथ्यावर २००८ मध्ये ‘यूपीएमसी’ या हॉस्पिटल समूहाची अक्षरं चढली, यातच सगळं आलं. २०१० मध्ये गुगलनं बिस्किटांच्या जुन्या कारखान्यात ऑफिस थाटलं. भाषा शिकवणारं डुओलिंगो तर २०११ मध्ये इथेच जन्मलं.

‘शहर’ म्हणजे नक्की कुठवर?

आता त्या ६० हजारांकडे वळू. हा आकडा देशाच्या मधल्या उत्पन्नापेक्षा १५ हजारांनी कमी. मग पिट्सबर्ग गरीब आहे का?

पहिली गोष्ट हद्दीची. पिट्सबर्ग ज्या ॲलेगेनी काउंटीत आहे तिची २०२० ची लोकसंख्या साडेबारा लाख. आणि तिच्यात लहानमोठ्या १३० स्वतंत्र नगरपालिका! शहरात मोजला जातो काउंटीतला फक्त चौथा हिस्सा. माउंट लेबनन, फॉक्स चॅपलसारखी सुखवस्तू उपनगरं पिट्सबर्गच्या सरासरीत येतच नाहीत. आणि ब्रॅडॉकही येत नाही. अँड्र्यू कार्नेगीचा १८७५ मध्ये सुरू झालेला पोलाद कारखाना ब्रॅडॉकमध्ये आजही चालतो, पण एकेकाळी वीस हजार वस्तीच्या या गावात २०२० मध्ये दोन हजारही माणसं उरली नव्हती. ‘पिट्सबर्गला राहतो’ असं या तिन्ही ठिकाणचा माणूस सांगू शकतो.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांची. शहराच्या ओकलंड भागात पिट आणि कार्नेगी मेलन ही दोन मोठी विद्यापीठं. जनगणना विद्यार्थ्याला तो शिकायला राहतो तिथे मोजते. हॉस्टेलमध्ये राहणारा गरिबीच्या हिशेबात धरत नाहीत. पण तोच मुलगा दुसऱ्या वर्षी चौघांबरोबर बाहेर घर घेऊन राहिला की त्याची तुटपुंजी कमाई हिशेबात येते आणि तो ‘गरीब’ ठरतो. बापानं पुण्यातून पाठवलेली फी त्यात दिसत नाही. त्यामुळे कॉलेजच्या शहरात गरिबीचा आकडा थोडा फुगतो.

तिसरी गोष्ट ‘मधला’ या शब्दाची. सगळ्या कुटुंबांना कमाईप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मध्ये उभं असलेल्याची कमाई म्हणजे मीडियन. एखादा सर्जन करोडोंत कमावत असला तरी त्यानं हा आकडा हलत नाही, हा त्याचा फायदा. पण रांगेची दोन टोकं एकमेकांपासून किती लांब आहेत, ते त्यातून कळत नाही. पिट्सबर्गमध्ये ती बरीच लांब आहेत.

स्वस्त घर सगळ्यांना नाही

शहरातल्या कृष्णवर्णीय कुटुंबाचं मधलं उत्पन्न गोऱ्या कुटुंबाच्या जवळपास निम्मं. २०१९ मध्ये शहराच्याच आयोगासाठी पिट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी अहवाल केला. कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी अमेरिकेतलं जवळपास कुठलंही दुसरं शहर यापेक्षा बरं, असा त्याचा निष्कर्ष होता. गावभर खळबळ उडाली.

याची मुळं जुनी आहेत. १९५० च्या दशकात ‘नूतनीकरणा’च्या नावाखाली लोअर हिल हा मोहल्ला पाडला. सुमारे आठ हजार माणसं उठवली आणि तिथे १९६१ मध्ये सिव्हिक अरीना उभा राहिला. आता तो अरीनाही पाडलाय. आणि अलीकडची गोष्ट ईस्ट लिबर्टीची, गुगलच्या ऑफिसपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरची. २०१५ मध्ये तिथल्या पेन प्लाझा या जुन्या इमारतींतल्या दोनशेहून जास्त भाडेकरू कुटुंबांना ९० दिवसांत घर रिकामं करायची नोटीस आली. पुढे त्या जागी नवी इमारत झाली आणि २०२२ मध्ये तळमजल्यावर होल फूड्सचं चकाचक सुपरमार्केट उघडलं.

शहरातली निम्म्याहून जास्त कुटुंबं भाड्यानं राहतात. पाहणीतलं मधलं भाडं होतं महिना ११०० डॉलरच्या आसपास, वर्षाला १३,२००. साठ हजार कमावणाऱ्याला ते २२ टक्के पडतं, आरामात. पण ३५ हजार कमावणाऱ्या हॉस्पिटलातल्या सफाई कामगाराला ३७-३८ टक्के. भाड्यावर ३० टक्क्यांपेक्षा जास्त गेलं की अमेरिकी सरकार त्या कुटुंबाला घरखर्चानं वाकलेलं समजतं. म्हणजे तेच शहर, तेच भाडं, पण एकासाठी स्वस्त आणि दुसऱ्यासाठी महाग. आयटीतला पगार घेऊन तिथे उतरणारे आपण कुठल्या रांगेत असू, ते वेगळं सांगायला नको.

आणि ते घर कसं असतं?

शहरातली निम्म्याच्या आसपास घरं १९४० च्या आधीची आहेत. लाल विटा, लाकडी जिने, उंच छत, फोटोत एकदम झकास. प्रत्यक्षात टेकडीच्या उतारावर पार्किंगची बोंब, पावसाळी दिवसांत ओलसर बेसमेंट आणि कधीकधी त्या बेसमेंटच्या मधोमध, भिंती-दार काही नसलेला एकटा कमोड! त्याला चक्क ‘पिट्सबर्ग टॉयलेट’ म्हणतात. गिरणीतून आलेला कामगार वर जाण्याआधी खालीच स्वच्छ व्हायचा, असं त्याचं कारण सांगतात. जुन्या घरांना शिशाचे पाइप असू शकतात. २०१६ मध्ये शहराच्या नळाच्या पाण्यात शिशाचं प्रमाण सरकारी मर्यादेच्या वर गेलं होतं. तेव्हापासून ते पाइप बदलायचं काम हाती घेतलंय.

सही करण्याआधी हे बघा

• किंमत कुणी सांगितली? पाहणीतली घराची किंमत मालकानं स्वतः अंदाजानं सांगितलेली असते, विक्रीची नव्हे. शिवाय ती पाच वर्षांची मिळून असते. आज विकायला असलेल्या घरांचे भाव वेगळे बघा.

• व्याज धरा. २०२१ मध्ये तीस वर्षांचं गृहकर्ज ३ टक्क्यांच्या आसपास मिळत होतं, २०२३ मध्ये ते ७ च्या वर गेलं. १ लाख ६० हजारांच्या कर्जाचा हप्ता ३ टक्क्यांनी ६७५ डॉलर, ७ टक्क्यांनी १०६५. घर तेच!

• टॅक्स विसरू नका. शहराच्या हद्दीत राहणाऱ्याच्या पगारातून ३ टक्के स्थानिक कर जातो, राज्याचा ३.०७ टक्के वेगळा, केंद्राचा त्याहून वेगळा. बऱ्याच उपनगरांत स्थानिक कर १ टक्क्याच्या आसपास असतो.

• हद्द विचारा. पत्त्यात ‘पिट्सबर्ग’ असलं तरी घर दुसऱ्याच नगरपालिकेत असू शकतं. शाळा, कर, पोलीस सगळं त्यावर ठरतं.

• कुटुंब म्हणजे कोण? पाहणीत एका घरात राहणाऱ्या सगळ्यांची कमाई एकत्र धरतात. दोघांच्या मिळून ६० हजारांशी एकट्याच्या पगाराची तुलना करून हुरळून जाऊ नका.

एवढं तपासूनही गणित बहुधा पिट्सबर्गच्याच बाजूनं लागेल. तिशीच्या आत स्वतःचं घर, ऑफिसपासून वीस मिनिटांवर, आणि पेन हिल्सच्या टेकडीवर १९७६ पासूनचं व्यंकटेश्वराचं मंदिर. वाईट सौदा नाही. फक्त घर घ्याल तेव्हा शेजारी दोन प्रश्न नक्की विचारा: या घरात आधी कोण राहायचं, आणि ते का गेलं? ही माहिती कुठल्याच तक्त्यात सापडत नाही.