एक दाब, दोन परिणाम: घरच्या बारच्या नळावरून प्रयोगाची आखणी



सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिला घोळ होतो तो व्हेरिएबल्सच्या यादीत. स्वतंत्र चल म्हणून आपण चार नावं लिहितो, परतंत्र म्हणून दोन लिहितो आणि पुढे सरकतो. ते चार खरोखर एकमेकांपासून सुटे आहेत का, हे तपासायचं राहून जातं. मग दोन वर्षं डेटा गोळा केल्यावर कळतं की परिणाम दिसतोय, पण तो कशामुळे हे सांगता येत नाही. तोवर फेलोशिपचा निम्मा काळ संपलेला असतो.

हा मुद्दा आज एका वेगळ्या उदाहरणातून बघू: घरच्या बारमध्ये बिअर आणि सोडा नळावर आणायचा असेल तर आखणी कशी करायची? उदाहरण विचित्र वाटेल, पण बिअर आणि संशोधनपद्धतीचं नातं जुनं आहे. आपण वापरतो ती टी-टेस्ट शोधणारा विल्यम गॉसेट हा गिनेस या बिअर कंपनीत नोकरीला होता. १९०८ साली त्याने आपला शोधनिबंध 'स्टुडंट' या टोपणनावाने छापला. बिअर न पिणाऱ्यांनी फक्त सोड्याचा नळ डोळ्यांसमोर ठेवावा, गणित तेच आहे.

सामान काय लागतं?

हा छंद मुख्यतः अमेरिकेतला. तिकडे लोक गॅरेजमधल्या जुन्या फ्रीजला नळ बसवतात आणि आत स्टीलचे केग ठेवतात. १९ लिटरचा उभट केग त्यांच्या विशेष आवडीचा. तो मुळात शीतपेयांच्या धंद्यासाठी बनला होता, त्यामुळे बिअर आणि सोडा दोन्हींना चालतो. बाकी लागतं ते असं: कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, दाब ठरवणारा रेग्युलेटर, प्लॅस्टिकची बारीक नळी आणि नळ. बस, एवढंच.

आता फेस बघा. नळ उघडला आणि ग्लासात तीन चतुर्थांश फेसच आला, तर तुम्ही काय कराल? बहुतेक जण रेग्युलेटर फिरवून दाब कमी करतात. त्या संध्याकाळी फेस कमी होतो आणि प्रश्न सुटला असं वाटतं. आठवड्याभराने मात्र बिअर मिळमिळीत लागते. वर नळीत बुडबुडे साचू लागतात आणि फेस पुन्हा वाढतो.

असं का झालं? कारण दाब एकाच वेळी दोन कामं करतो. एक, तो द्रव नळापर्यंत ढकलतो. हा परिणाम ताबडतोब दिसतो. दोन, द्रवात किती वायू विरघळून राहणार हे तोच ठरवतो. हा परिणाम हळू होतो. केग न हलवता ठेवला तर समतोल यायला एक-दोन आठवडे लागतात. म्हणजे एकच खुंटी फिरवली आणि दोन गोष्टी बदलल्या, त्याही वेगवेगळ्या वेगाने. निरीक्षण पहिल्या दिवशीच थांबवलं, तर निष्कर्ष चुकीचा निघणार हे ठरलेलंच.

ग्लासापासून उलटं या

अशा वेळी आखणी शेवटापासून सुरू करावी. ग्लासात काय हवं?

विरघळलेला वायू 'व्हॉल्यूम'मध्ये मोजतात. एक लिटर द्रवात एक लिटर वायू म्हणजे एक व्हॉल्यूम. बऱ्याच बिअरना साधारण २.५ व्हॉल्यूम लागतात, सणसणीत सोड्याला ४ च्या आसपास. हेन्रीचा नियम सांगतो की ठरावीक तापमानाला विरघळणारा वायू दाबाच्या प्रमाणात असतो. आणि द्रव जितका थंड, तितका जास्त वायू त्यात राहतो.

म्हणजे तापमान आणि वायूचं प्रमाण ठरलं की दाब आपोआप ठरतो. ३ अंश सेल्सिअसला २.५ व्हॉल्यूम हवे असतील तर दाब सुमारे ११ ते १२ पीएसआय. तेच १० अंशांना हवे असतील तर सुमारे १७. (पीएसआय म्हणजे पेट्रोल पंपावर टायरमध्ये हवा भरताना आपण 'तीस भरा' म्हणतो, तेच एकक.) यादीत तीन चलं दिसतात, पण त्यातली स्वतंत्र दोनच. तिसरं तुम्ही निवडत नाही, ते पदरात पडतं.

इथे एक बारकावा आहे. रेग्युलेटरचा काटा वातावरणाच्या दाबाच्या वरचा दाब दाखवतो, आणि हेन्रीच्या नियमात एकूण दाब लागतो. म्हणून काट्यावरच्या आकड्यात १४.७ मिळवायचे. काटा १२ वरून २४ वर नेला तर एकूण दाब २६.७ वरून ३८.७ होतो. वायू दुप्पट होत नाही, जेमतेम दीडपट होतो. तुमच्या उपकरणाचं शून्य नेमकं कुठलं आहे, हे आधी बघा.

दुसऱ्या कामाला दुसरी खुंटी

दाब तर वायूच्या हिशेबाने अडकला. मग द्रवाचा वेग कशाने आवरायचा? नळीच्या लांबीने. नळी लांब केली की घर्षण वाढतं आणि द्रव संथपणे ग्लासात उतरतो. विरघळलेल्या वायूच्या समतोलावर मात्र लांबीचा परिणाम होत नाही. या सगळ्या आखणीचं मर्म इथे आहे: एका खुंटीला दोन कामं असतील, तर त्यातल्या एका कामासाठी वेगळी खुंटी शोधा.

लांबी किती? तक्त्यांत ४.८ मिलीमीटर आतल्या व्यासाच्या नळीसाठी दर फुटाला ३ पीएसआय रोध दिलेला असतो. म्हणजे १२ पीएसआयला ४ फूट पुरायला हवेत. घरी नळ बसवणारे मात्र सहसा १० फुटांच्या आसपास नळी वापरतात. कारण तक्त्यातला आकडा व्यावसायिक बारच्या वेगासाठी आहे: मिनिटाला सुमारे ३.८ लिटर, म्हणजे ३३० मिलीचा ग्लास ५ सेकंदांत. घरी आपल्याला सावकाश ओतायचं असतं, आणि वेग कमी झाला की घर्षणही झपाट्याने कमी होतं. इथे प्वाझेचं सूत्र लावायचा मोह होईल, पण ते संथ, थरांच्या प्रवाहासाठी आहे. अशा नळीतला प्रवाह सहसा प्रक्षुब्ध असतो. शोधनिबंधातून आकडा उचलताना तो कोणत्या अटींत मोजला होता, ते वाक्यही सोबत उचला.

बिअर आणि सोडा एकत्र

आता त्याच फ्रीजमध्ये सोडा आणू. फ्रीज एक, म्हणजे तापमान एकच. दोघांना सामायिक असलेली गोष्ट सर्वात आधी ठरवायची, म्हणून ३ अंश पक्के करू. त्या तापमानाला ४ व्हॉल्यूमसाठी सोड्याला सुमारे २५ पीएसआय लागतात, बिअरला १२. सिलिंडर एक चालेल, पण रेग्युलेटर दुहेरी हवा. शिवाय प्रत्येक फाट्यावर उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह हवा. सोड्याची नळी बरीच लांब, २० फुटांच्या वर जाते. तेवढी जागा नसेल तर प्रवाह कमी-जास्त करता येणारा नळ लावतात.

एवढं करूनही फेस आला तर लगेच रेग्युलेटरला हात लावू नका. लागोपाठ दोन ग्लास भरा. पहिल्यात फेस आणि दुसरा व्यवस्थित असेल, तर बहुधा फ्रीजबाहेरचा नळ गरम आहे. दोन्हींत फेस असेल तर दाब, नळी आणि केगचं तापमान तपासा. दोन ग्लासांची ही चाचणी म्हणजे तुमचा 'कंट्रोल'.

जे चल यादीत नसतं

एक गोष्ट चवीच्या हिशेबात येतच नाही: गळती. २.३ किलोच्या सिलिंडरमधला सगळा वायू बाहेर आला तर सुमारे १.३ घनमीटर भरतो. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत हे प्रमाण जवळजवळ ५ टक्के होतं. अमेरिकी मानकांत ४ टक्के ही पातळी जिवाला तत्काळ धोकादायक मानतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, आणि त्याला रंग-वास नसल्याने कळतही नाही. म्हणून जोडांना साबणाचं पाणी लावून गळती तपासायची, खोली हवेशीर ठेवायची आणि अलार्म लावायचा. प्रयोगशाळेत गॅस सिलिंडर वापरणाऱ्यांनी हा हिशेब आपल्या खोलीची मापं घेऊन आजच करावा.

आता तुमची सिनॉप्सिस काढा आणि व्हेरिएबल्सच्या यादीसमोर चार रकाने आखा. हे चल मी खरंच निवडू शकतो का, की दुसरं ठरल्यावर ते आपोआप ठरतं? त्याची कामं किती? प्रत्येक परिणाम दिसायला किती वेळ लागतो? आणि माझ्या दोन प्रयोगांत सामायिक काय आहे? ज्या चलासमोर दोन कामं लिहिली जातील, तिथे थांबा. दुसऱ्या कामासाठी वेगळी 'नळी' सापडते का ते गाइडशी बोलून ठरवा, आणि मगच डेटा गोळा करायला घ्या.