मोस्कातो द्राक्षाचे गोड आसव : किण्वन मध्येच का थांबवितात?

इटलीच्या वायव्येस प्येमाँते हा प्रांत आहे. तेथील आस्ती, कुनेओ व अलेस्सांद्रिया या जिल्ह्यांतील टेकड्यांवर मोस्कातो ब्यांको या पांढऱ्या, सुवासिक द्राक्षाची लागवड होते. त्यापासून ‘मोस्कातो द’आस्ती’ हे गोड व किंचित फेसाळ आसव तयार करतात. जेवणाच्या शेवटी गोड पदार्थांबरोबर ते थंड करून घेण्याची रीत आहे. त्यात मद्यार्काचे प्रमाण शेकडा ४.५ ते ६.५ इतकेच असते.

गोडी कशी टिकते?

किण्व रसातील साखरेवर वाढते व तिच्यापासून मद्यार्क आणि कर्बवायू तयार होतात. लिटरभर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखर खर्ची पडली म्हणजे शेकडा १ मद्यार्क निर्माण होतो. रसात लिटरमागे २१० ग्रॅम साखर आहे असे धरू. मद्यार्क शेकडा ५.५ झाल्यावर किण्वन थांबविले, तर सुमारे ९४ ग्रॅम साखर खर्च होऊन ११६ ग्रॅम शिल्लक राहते. ही गोडी द्राक्षाचीच होय.

जुनी अडचण

साखर शिल्लक व किण्व जिवंत, अशा स्थितीत बाटली भरल्यास उन्हाळ्याच्या सुमारास किण्वन पुन्हा सुरू होई व बाटल्या फुटत. यावर उपाय म्हणून आसव कापडी पिशव्यांतून पुनःपुन्हा गाळीत. प्रत्येक गाळणीत किण्व निघून जाई, तसेच त्याला लागणारे नत्रयुक्त अन्नही कमी होई. हे काम अतिशय कष्टाचे होते. १८९५ साली आस्ती येथील संशोधन केंद्राचे संचालक फेदेरीको मार्तिनोत्ती यांनी बंद टाकीत किण्वन करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे तिला शीतकरणाची जोड मिळाली.

आजची पद्धत

द्राक्षे हाताने खुडून लगेच दाबतात. रस गाळून ० अंश सेंटिग्रेडच्या आसपास साठवितात. मागणीप्रमाणे तो बंद टाकीत घेऊन किंचित उबदार करतात व किण्व घालतात. वायू बाहेर न पडता आसवातच विरघळतो. इष्ट प्रमाण येताच टाकी थंड करतात व आसव बारीक गाळून बाटल्यांत भरतात. वायूचा दाब २.५ बारपेक्षा अधिक नसतो, म्हणून साधे बूच पुरते. अधिक दाबाच्या ‘आस्ती स्पुमांते’च्या बुचास मात्र तार बांधावी लागते. या द्राक्षाचा सुवास काळाने उडून जातो. थंड रसातून वर्षभर ताजे आसव काढण्याचे कारण हेच.

शेतकऱ्याचा लाभ

उभ्या उतारावर यंत्रे चालत नाहीत, त्यामुळे मजुरी वाढते. हा खर्च भरून निघण्यास नावाचे संरक्षण उपयोगी पडते. १९३२ साली उत्पादकांचा संघ स्थापन झाला. १९६७ साली या नावास कायद्याचे संरक्षण मिळाले व १९९३ साली सर्वोच्च दर्जा लाभला. ठरलेल्या क्षेत्राबाहेरील द्राक्षाच्या आसवास हे नाव देता येत नाही. द्राक्षाचा भाव व उत्पादनाची मर्यादा यांविषयी बागायतदार व कारखानदार वाटाघाटी करतात.

आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षांस व ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. परंतु नुसत्या नावाने भाव मिळत नाही. वेळेवर तोडणी, त्वरित शीतकरण व उत्पादकांची एकजूट यांमुळेच नावाला किंमत येते, ही गोष्ट ग्रामसेवकांनी बागायतदारांच्या निदर्शनास आणावी. तसेच परवान्याशिवाय आसव तयार करणे हा गुन्हा आहे, याचीही जाणीव करून द्यावी.