नवे कार्ड बसवले आणि फाइली बिघडल्या: दोष हार्ड डिस्कचा की तिच्यापर्यंतच्या वाटेचा?

संगणकात नवे कंट्रोलर कार्ड बसवल्यानंतर हार्ड डिस्कवरील फाइली बिघडू लागल्या, तर पहिला संशय बहुतेक वेळा हार्ड डिस्कवरच घेतला जातो. प्रत्यक्षात अनेकदा डिस्क निर्दोष असते आणि माहिती बिघडते ती डिस्कपर्यंतच्या वाटेवर. हा फरक वेळीच लक्षात आला नाही, तर दुरुस्तीच्या प्रयत्नांतच उरलीसुरली माहितीही हातची जाते.

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात, रायपूर-भिलाई मार्गावर कुम्हारी हे छोटे शहर आहे. तिथल्या एखाद्या हिशेबनिसाने जुन्या संगणकात जागा पुरेना म्हणून रायपूरहून एक कार्ड आणि मोठी डिस्क आणून जोडली, असे समजू. काही दिवस सारे सुरळीत चालते. मग एक दिवस कुणा ग्राहकाची खतावणी उघडत नाही, छायाचित्राचा खालचा अर्धा भाग करडा दिसतो. संगणक मात्र कोणतीही तक्रार करत नाही. डिस्क निकामी होऊ लागली की बहुधा खटखट आवाज येतो, वाचनाच्या चुका पडद्यावर झळकतात. हा बिघाड मुका असतो आणि त्यामुळेच तो अधिक घातक ठरतो. दर आठवड्याला घेतल्या जाणाऱ्या बॅकअपमध्ये बिघडलेली फाइलच जुन्या, चांगल्या प्रतीवर चढत जाते.

या प्रकारातले सर्वात गाजलेले प्रकरण २००१ सालचे आहे. तैवानच्या व्हीआयए कंपनीची ६८६बी ही चिप त्या काळी अनेक मदरबोर्डांवर होती. दोन आयडीई वाहिन्यांवरील डिस्कमध्ये मोठी फाइल एकीकडून दुसरीकडे उतरवताना ती बिघडते, अशा तक्रारी येऊ लागल्या. त्यांतल्या पुष्कळ संगणकांत क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर लाइव्ह हे कार्ड होते, म्हणून संशयाची सुई त्या कार्डाकडे वळली. साउंड कार्डाचा डिस्कशी थेट संबंध नव्हता. मात्र डिस्कची माहिती आणि कार्डाची माहिती एकाच पीसीआय मार्गावरून धावत होती आणि त्या मार्गावर गर्दी झाली की चिपच्या व्यवस्थेत गफलत होत होती. जर्मनीतील एका संगणकविषयक संकेतस्थळाने या दोषाचा माग काढला. पुढे बायोसमधील सुधारणा आणि नवे ड्रायव्हर आले. लिनक्सच्या गाभ्यातही ही चिप आढळताच तिची मांडणी बदलणारी तरतूद करण्यात आली. कार्डाने आधीपासून असलेला दोष उघड केला होता, एवढाच त्याचा अपराध.

त्याआधी १९९५ मध्ये आरझेड१००० आणि सीएमडी६४० या दोन आयडीई कंट्रोलर चिपमधील दोषांमुळेही अशीच खळबळ उडाली होती. तिथे मात्र दोष खुद्द कंट्रोलरमध्येच होता.

संगणकाला हे कळत कसे नाही, असा प्रश्न साहजिक आहे. अल्ट्रा डीएमए पद्धतीत केबलवरून जाणाऱ्या माहितीची सीआरसी नावाची पडताळणी होते. पण ही पडताळणी केबलच्या दोन टोकांपुरतीच असते. मेमरीतून कार्डापर्यंत येताना माहिती बिघडली असेल, तर बिघडलेली माहितीच खरी मानून तिचा सीआरसी काढला जातो आणि डिस्क ती इमानेइतबारे लिहून घेते. पाकिटावरचे लाखेचे सील शाबूत असावे आणि आतले पत्र आधीच बदललेले असावे, तसा हा प्रकार. पीसीआय एक्स्प्रेस या नव्या मार्गावर प्रत्येक पाकिटाची स्वतंत्र तपासणी होते, त्यामुळे धोका कमी झाला आहे. तो संपलेला नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १५ लाख ३० हजार डिस्कवर ४१ महिने लक्ष ठेवण्यात आले. त्यात साठवलेला मजकूर आणि त्याचा चेकसम जुळत नसल्याचे ४ लाखांहून अधिक प्रसंग आढळले. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल व्यवस्था असा चेकसम सतत तपासतात. विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएसमध्ये फाइलींच्या मजकुराची तशी तपासणी होत नाही.

अशा वेळी 'कार्ड काढून पाहा' हा सल्ला हमखास दिला जातो. जुन्या संगणकांत मात्र तो आंधळेपणाने पाळणे धोक्याचे आहे. आयडीई डिस्कच्या जुन्या पद्धतीत पत्त्यासाठी २८ बिट असत. त्यामुळे १३७ जीबीच्या पुढची जागा मोजताच येत नसे. म्हणूनच मोठ्या डिस्कसोबत ४८ बिटांचे पत्ते समजणारे कार्ड वापरले जाई. विंडोज एक्सपीच्या मूळ आवृत्तीत ही सोय नव्हती. ती २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून आली. अशा कार्डावर भरलेली १६० जीबीची डिस्क काढून जुन्या मदरबोर्डाला थेट जोडली, तर १३७ जीबीच्या पुढे लिहायचा मजकूर पत्ता न मावल्याने डिस्कच्या आरंभी जाऊन पडू शकतो. आरंभीच फाइलींची सूची असते. म्हणजे कार्ड काढण्यानेच सारी डिस्क बाद होते.

म्हणून कुम्हारीच्या त्या हिशेबनिसाने सर्वप्रथम संगणक बंद करावा आणि त्या डिस्कवर काहीही लिहू नये. सीएचकेडीएसके चालवण्याचा मोहही टाळावा. ही आज्ञा डिस्कची रचना सुसंगत करते, मजकूर वाचवत नाही. शिवाय वाटच बिघडलेली असताना तिची दुरुस्तीही बिघडूनच लिहिली जाते. मोठ्या डिस्क नीट ओळखणाऱ्या दुसऱ्या संगणकाला डिस्क जोडून तिची संपूर्ण प्रत घ्यावी. जुना बॅकअप बाजूला ठेवावा, त्यावर नवा चढवू नये.

माहिती सुरक्षित झाल्यावर मग दोषाचा शोध. त्यासाठी एखादी रिकामी डिस्क घ्यावी. काही जीबीच्या फाइलीचा चेकसम काढावा, ती फाइल कार्डावरून अनेकदा उतरवावी आणि दरवेळी चेकसम ताडून पाहावा. विंडोजमध्ये सर्टयुटिल, लिनक्समध्ये शा२५६सम या आज्ञा त्यासाठी पुरतात. प्रत लगेच वाचली तर ती डिस्कऐवजी मेमरीतूनच येण्याची शक्यता असते, म्हणून मध्ये संगणक पुन्हा सुरू करावा. अंक जुळले नाहीत, तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी: आधी केबल, मग कार्डाची खाच, मग बायोस आणि ड्रायव्हर. रात्रभर मेमटेस्ट चालवून मेमरीही तपासावी, कारण कार्ड बसवताना हललेला मेमरीचा पट्टा हेही कारण असू शकते. डिस्कच्या स्मार्ट नोंदींतील १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा केबलमध्ये आहे. तो शून्यावर स्थिर असूनही फाइली बिघडत असतील, तर शोध केबलच्या अलीकडे, कार्ड आणि मेमरी यांच्या दरम्यान घ्यावा लागतो.