तुआसचा पाहुणा

सिंगापूरच्या नकाशात अगदी पश्चिमेच्या टोकाला तुआस आहे. समुद्रात भर घालून वाढवलेली जमीन, औषधांचे आणि रसायनांचे कारखाने, जहाजदुरुस्तीच्या गोद्या, १९९८ साली सुरू झालेला मलेशियाकडे जाणारा दुसरा पूल, २०१७ साली पोचलेली आगगाडी, २०२२ साली रीतसर उद्घाटन झालेले नवे बंदर. एवढे सगळे आहे, पण कामगारांची वसतिगृहे सोडली तर राहती घरे अशी नाहीतच. त्यामुळे तुआसला नोकरी लागलेला मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा उतरते ती जुराँग वेस्ट, बून ले किंवा लेकसाइडच्या एखाद्या मराठी घरात. कुणाच्या मावसभावाचा मित्र, कुणाच्या वर्गमैत्रिणीची धाकटी बहीण. "दोन-तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे हो, जागा मिळेपर्यंत," असा सांगलीहून नाहीतर पुण्याहून फोन येतो आणि मुलांच्या खोलीत जमिनीवर गादी पडते.

परक्या देशातले पहिले काही आठवडे एखाद्या कुटुंबात काढावेत ही कल्पना जगात संस्थांनी पद्धतशीर राबवलेली आहे. डोनाल्ड वॉट या अमेरिकन गृहस्थांनी १९३२ साली 'एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग' सुरू केले ते तरुणांना परदेशी कुटुंबांत राहायला पाठवण्यासाठी. १९६१ साली स्थापन झालेल्या पीस कोरचे स्वयंसेवक आजही बहुतेक देशांत प्रत्यक्ष कामावर रुजू होण्याआधीचे सुमारे तीन महिने यजमान कुटुंबात राहून शिकतात. भाषा, बाजारहाट, वडीलधाऱ्यांशी बोलायची रीत, सगळे तिथेच. अशा व्यवस्थेत पाहुण्याला काय चालते, घराचे नियम कोणते, अडचण आली तर कुणाकडे जायचे, हे दोन्ही बाजूंना आधी सांगितले जाते. आपल्याकडे हे सारे ओळखीवर चालते. आणि ओळखीची गोम अशी की तीत काही स्पष्ट बोलायचे नसते.

यजमान म्हणतात, "आपलंच घर समज." पाहुणा म्हणतो, "वहिनी, मला काहीही चालतं." या दोन वाक्यांनी जेवढे घोटाळे केले असतील तेवढे भाषेच्या अडचणीनेही केले नसतील. दोन्ही वाक्ये मनापासून बोललेली असतात आणि दोन्ही खरी नसतात.

न बोलण्याचे प्रसिद्ध उदाहरण गांधीजींचे आहे. १८८८ साली ते लंडनला गेले. आरंभी एका मित्राने रिचमंडला महिनाभर ठेवून घेतले आणि मग वेस्ट केन्सिंग्टनमधल्या एका विधवा बाईंच्या घरी त्यांची सोय झाली. घर चांगले होते, माणसेही भली होती. पण मांस न खाणाऱ्या तरुणाला काय वाढावे हे त्यांना कळेना आणि पावाचे दोन-तीन तुकडे खाल्ल्यावर आणखी मागायची त्या तरुणाला लाज वाटे. बाईंच्या मुली आग्रह करून एखादा तुकडा जास्त वाढत, तरी पोट भरत नसे. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खाणावळ सापडली तेव्हा कुठे ते पोटभर जेवले. यात दोष कुणालाच देता येणार नाही. फक्त सांगायचे राहून गेले होते.

याच्या उलट उदाहरण आपल्या आनंदीबाई जोशी यांचे. गोपाळराव जोशांचे पत्र एका मिशनरी मासिकात छापून आले होते. ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचले, आणि १८८० पासून दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांचे वय होते अठरा. धक्क्यावर घ्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या. समोरासमोर ही पहिलीच भेट, पण अनोळखी म्हणावी अशी नव्हेच. तीन वर्षांच्या पत्रांतून दोन्ही घरांच्या चालीरीती, प्रकृती, मते यांची देवाणघेवाण होऊन गेली होती. शिवाय निघण्यापूर्वी बंगालमधल्या सेरामपूरच्या सभेत आनंदीबाईंनी आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार असे जाहीर सांगितले होते. काय चालेल आणि काय नाही, याविषयी रोझेलच्या घरात संदिग्धता उरली नव्हती. त्या कार्पेंटरबाईंना 'मावशी' म्हणत. ऑक्टोबरात वैद्यकीच्या शिक्षणासाठी फिलाडेल्फियाला जाईपर्यंत त्या याच घरी होत्या. पुढची कहाणी दुःखाची आहे. थंडीने आणि आहाराच्या ओढाताणीने प्रकृती ढासळली, १८८६ साली पदवी मिळाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थी पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. काही महिन्यांच्या पाहुणीला त्या कुटुंबाने कायमची जागा दिली.

आता आपल्या तुआसकराकडे वळू. तीन वर्षे पत्रे लिहायला कुणाला वेळ नाही हे मान्य. पण पहिल्या संध्याकाळी चहाबरोबर अर्धा तास तरी आहे. त्या अर्ध्या तासात ज्या गोष्टी बोलायच्या त्यांत पहिली म्हणजे तारीख. 'जागा मिळेपर्यंत' ही तारीख नव्हे. 'महिनाअखेरपर्यंत, मग पुन्हा बोलू' ही तारीख. ती ठरली की यजमानीणबाई मनात दिवस मोजत नाहीत आणि पाहुण्यालाही रोज सकाळी अपराधी वाटत नाही.

दुसरी पाळीची. तुआसचे बरेच कारखाने रात्रंदिवस चालतात. कंपनीची बस बून ले स्टेशनवरून पहाटे निघते, म्हणजे स्वयंपाकघरातला दिवा त्याआधी लागतो. रात्रपाळी असेल तर माणूस सकाळी येऊन झोपणार, आणि नेमका त्याच वेळी मिक्सर, टीव्ही आणि धाकट्याची सायकल. कुणाला केव्हा शांतता हवी हे आधी सांगितले तर मुलेसुद्धा कौतुकाने पाळतात. न सांगता त्यांना दटावले की पाहुण्याला सारे ऐकू जाते. सिंगापूरच्या भिंती जाड असल्या तरी दारे पातळ असतात! घराची किल्ली मात्र पहिल्याच संध्याकाळी द्यावी. रात्री उशिरा परतणाऱ्या मुलीला तर बेल वाजवून घर उठवावे लागणे फार जड जाते.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि इथे कायदाही मधे येतो. एचडीबीच्या घरातली खोली सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देता येत नाही. खासगी इमारतींतही किमान मुदत तीन महिन्यांची आहे. म्हणजे तीन आठवडे राहणारा हा खरोखरच पाहुणा, भाडेकरू नव्हे. महिनाअखेर पाकीट पुढे करणे आणि ते परत सारणे हा प्रकार दोघांनाही अवघड होतो. त्यापेक्षा "शनिवारची भाजी आणि दूध तू आणायचंस," असे सांगून मोकळे व्हावे. त्याचा मान राहतो आणि आपल्यालाही खरोखर मदत होते.

कठीण असतो तो दुसरा आठवडा. पहिला आठवडा धावपळीत जातो: पासाचे कार्ड, बोटांचे ठसे, बँकेचे खाते, फोनचा क्रमांक. मग सगळे जागेवर लागते आणि संध्याकाळ रिकामी होते. घरी फोनवर "सगळं मस्त" सांगून झाले की मुलगा खोलीत जाऊन बसतो आणि पोळी एक कमी खातो. अशा वेळी खोदून विचारू नये. काम सांगावे. धाकटीला वाचनालयात नेऊन आण, कुकरची शिट्टी बघ, दळण संपले आहे तर लिटल इंडियातून पीठ आण. ज्याच्याकडे घरातले एखादे काम आहे तो त्या घरात पाहुणा राहत नाही. पीस कोरच्या स्वयंसेवकांनाही यजमान घरात असेच शिकायला मिळते. पाणी भरताना आणि भाजी निवडताना जी भाषा येते ती वर्गात येत नाही.

ज्या विमानतळावर आपला पाहुणा उतरला तिथेच तमिळनाडूतून आणि बांगलादेशातून तुआसला जाणारे कामगारही उतरतात. त्यांतल्या अनेकांनी दलालाला पैसे देण्यासाठी कर्ज काढलेले असते. २०१४ साली उघडलेल्या तुआस व्ह्यू या एका वसतिगृहाची क्षमताच सुमारे १६,८०० माणसांची आहे. त्यांच्यासाठी गादी घालणारे, पोळी कमी का खाल्ली हे पाहणारे घर नसते. २०२० च्या एप्रिलमध्ये साथीमुळे वसतिगृहे बंद झाली. त्या वर्षअखेरपर्यंत तिथल्या जवळजवळ निम्म्या रहिवाशांना लागण होऊन गेल्याचे सरकारी तपासणीत दिसले, आणि बाहेर पडण्यासाठी परवाना काढण्याची सक्ती २०२२ च्या जूनपर्यंत टिकली.

२००३ पासून काम करणारी ट्रान्झियंट वर्कर्स काउंट टू, २००६ सालची हेल्थसर्व्ह अशा संस्थांना स्वयंसेवक लागतात: जेवण वाढायला, अर्ज भरून द्यायला, दवाखान्यात दुभाष्या म्हणून उभे राहायला. आमच्या पाहण्यातले असे आहे की नुकताच कुणाच्या घरी तीन आठवडे काढलेला तरुण हे काम अनुभवी मंडळींपेक्षा बरे करतो. दुसऱ्या आठवड्याची चव त्याच्या जिभेवर ताजी असते. तो पहिल्या भेटीत पगार आणि कर्ज विचारत नाही, गाव विचारतो. आणि 'पुढच्या रविवारी येतो' म्हणाला की येतो.

दिवाळीच्या फराळाला यांच्यापैकी चार-पाच जणांना घरी बोलवावे असे मंडळींच्या मनात असेल तर जरूर बोलवा. मात्र वेळ आपण ठरवू नये, त्यांना विचारावी. तुआसच्या आतल्या वसतिगृहापासून स्टेशनपर्यंत यायलाच बस लागते, पुढचा प्रवास वेगळा, सोमवारी पहाटे कामाची लॉरी असते, आणि रविवार हा त्यांचा कपडे धुण्याचा आणि घरी फोन करण्याचाही दिवस असतो.