कचऱ्याचा काढा

आंबा घाटाजवळच्या मलकापुरात पावसाळा म्हणजे संततधार. असं पाणी कचऱ्याच्या ढिगातून झिरपलं, की विरघळेल ते सगळं सोबत नेतं. पुण्याजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या विहिरी अशाच नासल्या.

कोणता कचरा किती विष सोडेल, हे आधी तपासता येतं. १०० ग्रॅम नमुना वीसपट वजनाच्या पातळ असेटिक आम्लात घालून बाटली सुमारे १८ तास फिरवतात. आम्ल का? सडता कचराही अशीच आम्लं तयार करतो! मग द्रव गाळून धातू मोजायचे. लिटरमागे शिसं ५ मिलिग्रॅम भरलं, तर घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार तो कचरा घातक.

बाटलीत जेमतेम दिवस जातो, ढिगावर मात्र कित्येक पावसाळे. म्हणून नळकांड्यात कचरा भरून पाणी मुरवण्याची संथ चाचणी अधिक खरी. असे धातू ढिगात जाऊच नयेत, म्हणून जुने सेल, ट्यूबलाइट ओल्या कचऱ्यात टाकू नका, वेगळे द्या.