दारू आणि यकृतातली चरबी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींत चरबीचे थेंब साठले की त्या अवस्थेला फॅटी लिव्हर म्हणतात. वर्षानुवर्षे भरपूर दारू पिणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांत ती आढळते. दोष मात्र बहुधा चखण्याच्या भज्यांवर जातो, आणि तेलकट टाळले की पिण्याला हरकत नाही, असा सोयीचा निष्कर्ष निघतो. तळलेले खाणे भर घालते हे खरे, पण मूळ बिघाड अल्कोहोलच्या पचनातच आहे.

हे पचन मुख्यतः यकृतात होते. अल्कोहोल डिहायड्रोजनेज हे एन्झाइम अल्कोहोलचे ॲसिटाल्डिहाइड करते आणि मायटोकॉन्ड्रियातले दुसरे एन्झाइम त्याचे ॲसिटेट करते. दोन्ही पायऱ्यांवर एनएडी हा रेणू खर्ची पडून त्याचे एनएडीएच होते. मेदाम्ले जाळायलाही एनएडीच लागतो. तो दारूच्या कामी अडकला की मेदाम्लांचे ज्वलन मंदावते. शिवाय वाढलेल्या एनएडीएचमुळे ग्लिसरॉल-३-फॉस्फेट वाढते, आणि मेदाम्ले त्याच्याशीच जोडली जाऊन ट्रायग्लिसराइड, म्हणजे साठवणीची चरबी तयार होते. जाळणे थंडावते आणि साठवणे वाढते, तेही एकाच वेळी.

रोजच्या पिण्याने बिघाड जनुकांच्या नियंत्रणापर्यंत पोचतो. चरबी बनवणारी जनुके चालू करणारे एसआरईबीपी-१सी हे प्रथिन अधिक सक्रिय होते, तर चरबी जाळणारी जनुके चालवणारे पीपीएआर-अल्फा दबते. त्वचेखालच्या आणि पोटातल्या चरबीतून मेदाम्ले सुटून यकृताकडे येतात, आणि यकृतातली चरबी रक्तात पाठवणाऱ्या व्हीएलडीएल कणांची रवानगी अडखळते. ताटात तेलाचा थेंब नसला तरी ही सगळी यंत्रणा चालूच राहते.

‘खाऊन-पिऊन असले की दारू बाधत नाही’ या समजुतीला तर एकेकाळी विज्ञानाचाच आधार होता. इन्शुलिनच्या शोधातले एक मानकरी चार्ल्स बेस्ट यांनी उंदरांवरील प्रयोगांवरून १९४९मध्ये असे मांडले, की यकृताची हानी अल्कोहोलच्या विषारीपणाने नव्हे, निकृष्ट आहाराने होते. अमेरिकेत चार्ल्स लीबर यांनी १९६०च्या दशकात स्वयंसेवकांना सकस आहारासोबत अल्कोहोल दिले, तरीही त्यांच्या यकृतात चरबी साठली. पुढे बबून माकडांवरील प्रयोगांत, पोषक आहार असतानाही, काहींना सिरोसिस, म्हणजे यकृतात तंतू साचून ते निकामी होत जाण्याचा आजार, झाला. कुपोषणाने हानी वाढते. पण चांगले जेवण हे दारूवरचे कवच ठरत नाही.

‘त्याला चढत नाही, म्हणजे त्याचे लिव्हर दणकट’ ही समजूत सर्वांत घातक म्हणावी लागेल. न चढण्यामागे एक तर मेंदूला झालेली सवय असते, आणि दुसरे म्हणजे सीवायपी२ई१ हे एन्झाइम. नियमित पिण्याने ते वाढते आणि अल्कोहोल लवकर फोडते. पण त्या कामात ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात आणि ते पेशींच्या आवरणातल्या मेदावर हल्ला करतात. म्हणजे वाढलेली ‘कपॅसिटी’ ही वाढत्या इजेची खूण असू शकते. हेच एन्झाइम पॅरासिटामॉलचा काही भाग विषारी रेणूत बदलते, म्हणून भरपूर पिणाऱ्यांना त्या गोळीचा अतिरेक अधिक महागात पडतो.

बिअर सौम्य असते, हाही हिशोब चुकतो. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या व्हिस्कीच्या ३० मिलिलीटर पेगात सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलीटर बाटलीत ते सुमारे ४१ ग्रॅम भरते, म्हणजे चार पेगांइतके. फेणी असो, देशी असो वा वाइन, यकृताला मोजायचे असते ते एकूण अल्कोहोल.

केवळ चरबीने पोट दुखत नाही, आणि रक्ततपासणीही कधीकधी सामान्य येते; म्हणून त्रास नसणे हा पुरावा धरता येत नाही. दरम्यान अल्कोहोलने आतड्याचे अस्तर सैल होते, जिवाणूंची विषद्रव्ये यकृतात पोचतात, तिथल्या कुप्फर नावाच्या संरक्षक पेशी चिडतात आणि दाह सुरू होतो. त्यातून पुढे तंतू साचून सिरोसिस होतो. जास्त पिणाऱ्यांपैकी साधारण १० ते २० टक्के लोक त्या टोकाला जातात. कोण जाईल यात लठ्ठपणा, स्त्री असणे आणि पीएनपीएलए३ या जनुकातला एक बदल यांचाही वाटा असतो.

‘एकदा लिव्हर गेले की गेले’ हे मात्र नुसत्या चरबीच्या टप्प्याला लागू नाही. दारू पूर्ण थांबवल्यावर साधी चरबी बहुतेकांत काही आठवड्यांत ओसरते. पिणे चालू ठेवून तिला हटवणारे सिद्ध झालेले टॉनिक नाही. सिरोसिसमधले व्रण मात्र पूर्णपणे भरून येत नाहीत. तरी त्या अवस्थेतही दारू सोडणाऱ्यांचे आयुष्य न सोडणाऱ्यांपेक्षा वाढते.